महासत्तांचा विध्यर्थ

संपादकांनी ह्या वर्षीच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला तो वाचनासंबंधी. वर्षभरात वाचलेल्यापैकी ज्याने मला सर्वांत अधिक विचारात पाडले अशा एखाद्या पुस्तकावर लिहावे, असे त्यांचे पत्र होते. एखादी नवी कादंबरी मी घेईन अशी त्यांची अपेक्षा असणार. पण प्रामाणिकपणे आठवू लागलो तेव्हा माझी पंचाईत झाली. ज्या लेखनाने मला ह्या वर्षी खरोखर विचारात पाडले ते कादंबरी नव्हे, काव्य नव्हे, आणि ज्याला आपण वाङ्मय म्हणतो त्यात तर ते मुळीच मोडत नाही. ते म्हणजे पॅरिस येथे १२ डिसेंबर २०१५ रोजी संमत झालेला हवामानविषयक करार.

एकोणतीस कलमांचा हा मजकूर आणि त्याला जोडलेला लांबलचक ठराव माझ्या भाच्याने मला कागदावर छापून आणून दिला. मे महिन्याच्या सुट्टीत शब्दकोश शेजारी ठेवून, पेन्सिलीने खुणा करीत मी तो वाचला. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी आले ते वडिलांच्या ट्रंकेतल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून, आणि पुढे हट्टाने. आंतरराष्ट्रीय कायद्यावर अधिकाराने बोलावे अशी माझी पात्रता नाही. परंतु गेली वीस-बावीस वर्षे मी सकाळी मुलांना व्याकरण शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे कोणत्या वाक्यात कर्ता पुढे आला आहे आणि कोणत्या वाक्यात तो मागे लपला आहे, एवढे मला ओळखता येते. ह्या करारात कर्ता फार ठिकाणी लपलेला आहे.

बडी राष्ट्रे असल्या करारांत शिरतात तरी कशासाठी, हा माझा प्रश्न होता. त्याची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एक वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत सापडते : जगाची विवेकबुद्धी जागी झाली आहे. दुसरे आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत ऐकू येते : सगळे ढोंग आहे हो, सह्या करायच्या आणि घरी जाऊन कोळसा जाळायचा. कादंबरीकार म्हणून मला ह्या दोन्ही उत्तरांचा सारखाच कंटाळा आहे. केवळ चांगुलपणाने वागणारे पात्र आणि केवळ ढोंगाने वागणारे पात्र, ही दोन्ही तिसऱ्या प्रकरणापर्यंत कागदावरच मरून पडतात असा माझा अनुभव आहे. शिवाय दुसऱ्या उत्तरात एक उघड अडचण आहे. शब्दांना काही किंमत नसती तर शब्दांवरून कोणी भांडले नसते. आणि पॅरिसमध्ये त्या शनिवारी एका क्रियापदावरून सबंध जग थांबून राहिले होते.

झाले ते असे. दोन आठवड्यांच्या घासाघिशीनंतर अखेरचा मसुदा दुपारी सर्वांच्या हाती पडला. त्याच्या चौथ्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात, श्रीमंत देशांनी आपल्या सबंध अर्थव्यवस्थेतील उत्सर्जन घटवण्याची उद्दिष्टे ठरवून पुढाकार घेत राहण्याविषयी एक वाक्य आहे. ह्या वाक्यात 'शॅल' हे सहायक क्रियापद छापले गेले होते. आधीच्या मसुद्यांत तिथे 'शुड' होते. अमेरिकेच्या वकिलांनी हे पाहिले आणि त्यांच्या शिष्टमंडळाने कळवून टाकले की हा शब्द राहिला तर अमेरिकेला ह्या करारात राहता येणार नाही. सभा लांबली. सभागृहाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत कुजबूज चालली. अखेरीस सचिवालयाच्या एका अधिकाऱ्याने टंकलेखनातील किरकोळ चुकांची यादी म्हणून जी वाचून दाखवली, तीत हाही शब्द होता. यादी वाचून होते न होते तोच अध्यक्ष लोराँ फाबियुस ह्यांनी आपली लहानशी हिरवी हातोडी मेजावर आपटली, आणि करार संमत झाला. नंतर निकाराग्वाच्या प्रतिनिधीने आक्षेप घेतला, पण तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.

शॅल आणि शुड ह्यांत एवढे काय आहे? तर्खडकरी व्याकरणात वाढलेल्या माणसाला 'आय शॅल' म्हणजे साधा भविष्यकाळ आणि 'ही शॅल' म्हणजे निश्चय किंवा हुकूम, एवढे पाठ असते. कायद्याच्या इंग्रजीत 'शॅल' म्हणजे बंधन. असे नवे बंधन अमेरिकेने पत्करायचे तर करार त्यांच्या सिनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथे दोनतृतीयांश मते, म्हणजे शंभरांतील सदुसष्ट, मिळवावी लागली असती. ती मिळणार नाहीत हे सर्वांना ठाऊक होते. 'शुड' असेल तर राष्ट्राध्यक्षांची एकट्याची सही पुरेशी होती. म्हणजे क्रियापद पॅरिसमध्ये बदलले, पण ते बदलले वॉशिंग्टनमधल्या एका सभागृहाच्या भीतीने.

ही दोन वाक्ये मी एकदा सातवीच्या वर्गावर फळ्यावर लिहिली. वर्गात त्या दिवशी आख्यातार्थ चालले होते. आपल्या व्याकरणकारांनी क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'शुड'चे मराठी आपण विध्यर्थाने करतो. 'श्रीमंत देशांनी पुढाकार घेत राहावे.' आता गंमत अशी की आपला विध्यर्थ हा इंग्रजी 'शुड'पेक्षा कितीतरी व्यापक आहे. 'मुलांनी खरे बोलावे' ह्यात कर्तव्य आहे. 'तो बहुधा परवा यावा' ह्यात शक्यता आहे. 'मला यश मिळावे' ह्यात इच्छा आहे. 'गाणे ऐकावे ते तिचेच' ह्यात योग्यता आहे. मग फळ्यावरच्या वाक्यात ह्यांतले कोणते, असे मी मुलांना विचारले. कोणी कर्तव्य म्हणाले, कोणी इच्छा म्हणाले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र मलाच उलट विचारले, ''गुरुजी, हे कोण कोणाला सांगतंय?''

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. पण हा प्रश्न बरोबर होता. सरकारी परिपत्रकात 'माहिती तीन दिवसांत सादर करण्यात यावी' असे असते. त्यात विध्यर्थ आहे, पण ती माहिती तीन दिवसांत सादर न करणाऱ्या मुख्याध्यापकाला विचारा, तो अर्थ आज्ञेचा आहे की इच्छेचा! उलट माझ्या नेमणुकीला मान्यता मिळावी म्हणून मी एका कार्यालयाकडे एकामागून एक सहा अर्ज केले. प्रत्येकाच्या शेवटी 'मान्यता मिळावी ही विनंती' होते. सातव्या महिन्यात उत्तर आले : 'अर्जदाराने वाट पाहावी.' दोन्ही कागदांवर तेच क्रियारूप. वरून खाली आले की तो हुकूम होतो, खालून वर गेले की अर्ज होतो. रूपात जोर नाही. बोलणारा कुठे उभा आहे त्यावर सगळे आहे.

महासत्तांच्या वर कोणी उभे नाही. म्हणून त्यांच्याविषयी लिहिलेला विध्यर्थ आपोआप अर्जाकडे झुकतो, आणि पत्राअखेरच्या 'लोभ असावा'सारखा गोड होऊन बसतो. असे असूनही त्या तो स्वतःविषयी लिहू देतात, स्वतःच बसून लिहितात, आणि त्यातल्या प्रत्येक अक्षरासाठी पहाटेपर्यंत जागतात. हे का, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

ह्या घराण्यातला मूळ पुरुष म्हणजे १९९२ सालचा, रिओ येथे सह्यांसाठी खुला झालेला हवामानविषयक आराखडा-करार. श्रीमंत देशांनी २००० सालापर्यंत आपले उत्सर्जन १९९०च्या पातळीवर परत आणावे, अशी युरोपची इच्छा होती. अमेरिकेला तारीख आणि पातळी दोन्ही नको होत्या. तडजोड कशी झाली ती चौथ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात वाचावी. तिथे 'अ' ह्या परिच्छेदात ह्या दशकाच्या अखेरीस 'पूर्वीच्या पातळीवर' परतण्याचा उल्लेख आहे, पण ती पातळी कोणत्या वर्षाची ते नाही. 'ब' ह्या परिच्छेदात १९९० सालाची पातळी आहे, पण तिथे मुदत नाही. वायदा एका खोलीत, रक्कम दुसऱ्या खोलीत, आणि मधे भिंत. दोन्ही मिळून एक वाक्य होईल असे कुठेच लिहिलेले नाही. ज्याला हवे त्याने ते मनात जुळवावे. माझ्या आवडीच्या कोणत्याही कादंबरीकाराने इतकी सफाई क्वचितच दाखवली असेल. अमेरिकेच्या सिनेटने त्याच वर्षी ऑक्टोबरात ह्या कराराला मान्यता दिली.

पाच वर्षांनी क्योतो येथे कोणी तरी ती भिंत पाडली. तिथल्या मसुद्यात तारीख, पातळी आणि 'शॅल' अशी तिन्ही एकत्र आली : २००८ ते २०१२ ह्या काळात श्रीमंत देशांनी मिळून १९९०च्या मानाने निदान पाच टक्के घट करायची, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून दिलेला. अमेरिकेचा सात टक्के. परिणाम काय झाला? क्योतोची सभा भरायच्याही आधी, २५ जुलै १९९७ रोजी, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठरवून टाकले होते की गरीब देशांवरही त्याच मुदतीत बंधन नसेल तर असल्या करारावर सही करू नये. सही नोव्हेंबर १९९८मध्ये झाली. मान्यतेसाठी करार सिनेटपुढे कधी गेलाच नाही. २००१ साली नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो सोडून दिला.

ह्या करारात रशियाचे जे झाले ते तर एका स्वतंत्र कथेचे बीज आहे. करार अंमलात यायला एक अट होती : श्रीमंत म्हणून गणलेल्या देशांच्या १९९०च्या उत्सर्जनापैकी ५५ टक्के वाटा असलेल्या देशांनी तो मान्य केला पाहिजे. अमेरिका बाहेर राहिल्यावर रशियाच्या १७.४ टक्क्यांवाचून हा आकडा गाठणे अशक्य झाले. रशियाचे उद्दिष्ट काय होते? १९९०च्या पातळीच्या वर जायचे नाही, एवढेच. आणि सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर तिथले कारखाने बंद पडून उत्सर्जन आधीच सुमारे एकतृतीयांशाने उतरलेले. वचन द्यायच्या आधीच ते पुरे झाले होते. तरीही रशियाने ते वर्षानुवर्षे हातात धरून ठेवले. मे २००४मध्ये जागतिक व्यापार संघटनेत शिरायला युरोपची संमती मिळाली आणि त्याच दिवशी पुतिन ह्यांनी क्योतोला गती देण्याचे बोलून दाखवले. नोव्हेंबरात मान्यता झाली, आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार अंमलात आला. ह्याला ढोंग म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. ज्याच्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू उरली आहे, तो ती भाव पाहून विकतो.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की महासत्ता 'शॅल' कधीच पत्करत नाहीत. तसेही नाही, आणि इथेच माझे सोपे अनुमान मला मोडावे लागले. ओझोन वायूच्या थराविषयीचा माँट्रियलचा करार १६ सप्टेंबर १९८७ रोजी झाला. त्याची भाषा पहिल्यापासून खडखडीत आज्ञेची आहे, आणि अमेरिकेच्या सिनेटने तो मार्च १९८८मध्ये ८३ विरुद्ध ० मतांनी मान्य केला. त्या वेळी अध्यक्ष होते रेगन. निसर्गप्रेमासाठी त्यांची ख्याती नव्हती. मग हे घडले कसे? मोलिना आणि रोलंड ह्या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच सांगितले होते की शीतपेट्यांत आणि फवारण्याच्या डब्यांत वापरले जाणारे ते वायू वरचा थर खातात. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरच्या भगदाडाची वार्ता छापून आली. पण शास्त्र तर हवामानाच्या बाबतीतही कमी नव्हते. फरक दुसरीकडे होता. त्वचेच्या कर्करोगाने मरणाऱ्यांचा हिशेब मांडला तेव्हा एकट्या अमेरिकेलाच हा सौदा फायद्याचा ठरत होता. फवारण्याच्या डब्यांवर तिने १९७८मध्येच स्वतःपुरती बंदी घातली होती. 'ड्युपाँट' ही हे वायू बनवणारी सर्वांत मोठी कंपनी १९८६मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेला राजी झाली. बंधन येणारच असेल तर ते आपल्या परदेशी प्रतिस्पर्ध्यांवरही यावे, हे तिला कळत होते. आणि करारात शिवाय एक कलम होते की जो देश बाहेर राहील त्याच्याशी ह्या मालाचा व्यापार करायचा नाही.

म्हणजे तिथे 'शॅल' हे कुंपण बाहेरच्यांसाठी होते. आत असणाऱ्यांना त्याची सावली मिळत होती. आपण आणि चीन ह्या कुंपणाबाहेर तिष्ठत होतो. १९९०च्या लंडनच्या बैठकीत मनेका गांधींनी पैशाचा आणि तंत्राचा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे एक निधी निर्माण झाला. तो तीन वर्षांसाठी सोळा कोटी डॉलरांचा होता, आणि भारत व चीन आत आले तर चोवीस कोटींचा. आपण १९९२मध्ये आत गेलो. भाव ठरवून गेलो ह्यात मला कमीपणा वाटत नाही.

कुंपण हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. पॅरिसचा मजकूर दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की ह्याही करारात कुंपण आहे, पण ते घातले आहे आत असणाऱ्यांच्या जबाबदारीभोवती. कराराचे आठवे कलम हवामानबदलामुळे होणाऱ्या हानीविषयी आहे. समुद्र वर चढून ज्यांची जमीन जाणार आहे त्या बेटांनी हे कलम वर्षानुवर्षे मागितले होते. ते त्यांना मिळाले. स्वतंत्र कलम, स्वतंत्र क्रमांक. आणि मग कराराला जोडलेल्या ठरावाचा एक्कावन्नावा परिच्छेद येतो. एकच वाक्य. आठव्या कलमातून कोणतेही दायित्व किंवा नुकसानभरपाई उद्भवत नाही, त्याला आधारही मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ह्या वाक्यात विध्यर्थ नाही, संकेतार्थ नाही. सबंध दस्तऐवजात इतके ठाम, इतके सरळ वाक्य मला क्वचितच आढळले. जिथे द्यायचे आहे तिथे 'प्रयत्न करावा', 'उद्देश ठेवावा', 'योग्य तेथे'. जिथे द्यायचे नाही तिथे नुसता रोखठोक स्वार्थ. व्याकरणातला, असे म्हणतो.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले असे वाटते. बडी राष्ट्रे करारात शिरतात ती आपल्याकडून किती मागता येईल ह्याची हद्द आखून घेण्यासाठी. बाहेर उभे राहिले तर मागणी अमर्याद असते. ती न्यायाची असते, इतिहासाची असते, आणि तिला कलम-पोटकलम नसते. आत आले की ती क्रमांकित होते. आमच्याकडे वाटणीपत्र करताना थोरला भाऊ कधी कधी पाच गुंठे जास्तच देतो, आणि त्याखाली 'यापुढे कोणताही हक्क, दावा राहिला नाही' हे वाक्य घालून घेतो. त्या पाच गुंठ्यांची किंमत त्या वाक्यात असते. धाकट्याला ते उमजते, पण त्या वेळी त्याला गुंठे हवे असतात.

बेटांना हे पहिल्यापासून उमजत होते. १९९२च्या करारावर सही करताना फिजी, किरिबाती, नाउरू आणि तुवालू ह्यांनी एक निवेदन जोडून दिले होते : ही सही म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याखालील आमचे इतर हक्क सोडले असे समजू नये. नकाशावर ठिपक्याएवढे देश. त्या जत्रेत त्यांचे ते निवेदन कोणी वाचले असेल असे मला वाटत नाही.

आपल्या देशाविषयी बोलायचे तर मला थोडे अवघडल्यासारखे होते, पण टाळणे बरे नव्हे. २०११ साली दरबान येथे सभा ठरल्या वेळेपेक्षा दीड दिवस लांबली. नव्या कराराला कायद्याचे बंधन असावे असा युरोपचा आग्रह होता, आणि आपल्या जयंती नटराजन तो सहजी मान्य करायला तयार नव्हत्या. अखेर रविवारी पहाटे सभागृहातच घोळका जमला आणि त्यातून निघालेला शब्दप्रयोग असा : 'कायद्याचे बळ असलेला सर्वसंमत निष्कर्ष.' करार म्हणा, नका म्हणू. कायदा म्हणा, नका म्हणू. २०२१मध्ये ग्लासगो येथे कोळशाची वीज 'टप्प्याटप्प्याने बंद' करण्याऐवजी 'टप्प्याटप्प्याने कमी' करावी अशी दुरुस्ती भूपेंद्र यादव ह्यांनी शेवटच्या घटकेला वाचून दाखवली. अध्यक्ष आलोक शर्मा ह्यांचा गळा दाटून आला, आणि जगभर आपल्याला दूषणे मिळाली. वस्तुतः 'कमी करणे' हा शब्द त्याच आठवड्यात अमेरिका आणि चीन ह्यांच्या संयुक्त निवेदनात येऊन गेला होता. तेलाचे आणि वायूचे तर त्या वाक्यात नावही नव्हते. ज्यांच्या घरी तेल आणि वायू आहेत त्यांनी कोळशावर अश्रू ढाळणे सोपे असते. आपले दरडोई उत्सर्जन अजून जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे. हे सगळे खरे. तरीही त्या दिवशी क्रियापद पातळ करणारा हात आपला होता, आणि समोर बसलेल्या बेटांनी ते नाइलाजाने मान्य केले. गरिबाचे गाऱ्हाणे आणि मोठ्याची भाषा ही दोन्ही आपण आता एकाच वेळी बोलतो. कादंबरीत असे पात्र मला आवडले असते.

चीनविषयी थोडक्यात. नोव्हेंबर २०१४मध्ये बीजिंग येथे चीन आणि अमेरिका ह्यांनी मिळून आपापली उद्दिष्टे जाहीर केली नसती तर पॅरिस झालेच नसते, असे मानायला जागा आहे. पण चीनने २०३०च्या सुमारास उत्सर्जनाचे शिखर गाठण्याचे जे वचन दिले, त्याच्या मागे आदल्याच वर्षी बीजिंगच्या हवेत दाटलेला विषारी धूर होता, आणि पुढे जगातील सूर्यवीज-तक्त्यांच्या उत्पादनाचा प्रत्येक टप्प्यावर ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा त्याच्या हाती आला, तो धंदा होता. जगातला निम्म्याहून अधिक कोळसाही तोच जाळतो. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदतात.

इतक्या काळजीने पातळ केलेला करार निदान टिकावा तरी! अमेरिकेने तो सोडण्याची घोषणा १ जून २०१७ रोजी केली आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी ती बाहेर पडली. १९ फेब्रुवारी २०२१ला ती परत आली. २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा सोडण्याच्या आदेशावर सही झाली, ती वॉशिंग्टनच्या एका क्रीडागृहात, जमलेल्या हजारो प्रेक्षकांच्या समोर. 'शुड'ने जे दार सिनेटला टाळून उघडले होते ते तसेच एका सहीने बंद झाले. ज्या क्रियापदाखातर त्या शनिवारी जग थांबले होते, त्याने त्या देशाला आत आणले खरे, पण धरून ठेवले नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी जो विजयोत्सव झाला तो मी मुकाट्याने ऐकून घेतला.

पण करार म्हणजे मजकूर, आणि मजकूर एकदा छापला की तो लिहिणाऱ्याचा एकट्याचा राहत नाही, हे कादंबरीकाराइतके कोणाला ठाऊक असणार? २०१९ साली वानुआतूतील पोर्ट व्हिला येथे कायदा शिकणाऱ्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी एक कल्पना काढली. आपल्याला नवा करार नको. जे लिहिले आहे त्याचा अर्थ काय, एवढेच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारू या. वानुआतूच्या सरकारने ती उचलली. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने तो प्रश्न एकमताने न्यायालयाकडे पाठवला. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना 'ह्याचा अर्थ काय' असे विचारणे ह्यात नवे काही नाही. परंतु मी व्याकरणाच्या तासाला वर्षानुवर्षे ज्या प्रश्नाची वाट पाहतो, तो त्या मुलांनी सबंध जगाला विचारला.

डिसेंबर २०२४मध्ये हेगला तोंडी सुनावणी झाली. नव्वदाहून अधिक देश बोलले. आणि तिथे मी जे कुंपण म्हणतो ते उघड्यावर आले. अमेरिका, चीन आणि भारत, एरवी ज्यांचे एका वाक्यावर एकमत होत नाही ते तिघेही थोड्याफार फरकाने एकच सांगत होते : हवामानाविषयी आमची कर्तव्ये हवामानाच्या करारांत लिहिली आहेत, न्यायालयाने त्यांच्या पलीकडे जाऊ नये. ज्या कराराला शिक्षकांच्या खोलीत कागदाचा कपटा म्हणतात, तोच छातीशी धरून महासत्ता उभ्या होत्या. आपला देशही त्याच रांगेत होता. आपली बाजू अगदीच पोकळ नव्हती. ज्यांनी दीडशे वर्षे धूर ओकला त्यांनी आधी हिशेब द्यावा, हे आपण तिथेही सांगितले. तरीही तो वृत्तांत वाचताना किरिबाती आणि तुवालूचे ते १९९२चे निवेदन माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले. प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपणच ठरवायचे हे खरे, पण म्हणून ते वाटेल ते असून चालणार नाही. त्यात कसून दक्षता दिसली पाहिजे, आणि दीड अंशाची मर्यादा हे सर्वांनी मान्य केलेले मुख्य लक्ष्य आहे. करारात ह्याच दीड अंशाविषयी 'प्रयत्न करीत राहणे' एवढाच मवाळ शब्द होता. न्यायालयाने तो कर्तव्याच्या अर्थाने वाचला. हवामानाचे करार हे सर्वसाधारण कायद्याला बाजूला सारीत नाहीत, जो देश करारात नाही त्यालाही रूढ आंतरराष्ट्रीय कायदा लागू राहतो, आणि हानी व तिचे कारण ह्यांचा संबंध सिद्ध झाला तर भरपाईचा प्रश्न उद्भवू शकतो, असेही त्यात आहे. माझ्या सातवीतल्या मुलीच्या भाषेत सांगायचे तर, कोण कोणाला सांगतंय ते न्यायालयाने ठरवून टाकले.

हे मत सल्ल्याचे आहे. त्याची अंमलबजावणी करायला हेगला पोलीस नाहीत. म्हणजे तेही पुन्हा एका परीने विध्यर्थातच आहे, आणि महासत्ता त्याला 'लोभ असावा'सारखे वाचतील ही शक्यता मोठी आहे. मी माझ्या छापील प्रतीत, जोडठरावाच्या एक्कावन्नाव्या परिच्छेदासमोर, समासात पेन्सिलीने ती तारीख लिहून ठेवली आहे. पुढच्या वर्षी सातवीला आख्यातार्थ येतील तेव्हा तोच कागद वर्गात न्यायचा आहे.